बॉबिन संपली की उठायचं

आमचा दादा शिंप्यांत नंबर एक, आणि आरंभशूरांतही नंबर एक! मी त्याची धाकटी बहीण. त्याच्याच दुकानात काज-बटणं करते, त्यामुळे हे दोन्ही नंबर मी रोज डोळ्यांनी बघते. फिरायला जायचं ठरलं की आधी नवे बूट येणार, मग गळ्यात शिट्टी येणार. शिट्टी कशाला, ते त्यालाच माहीत. चौथ्या दिवशी बूट कपाटावर आणि दादा अंथरुणात.

आम्ही हसायचो. पण त्या दुपारी त्याने मशीन थांबवलं, तर पायडलवर रक्त! उजव्या तळपायात टाचणी चांगली अर्धी रुतली होती, बहुतेक सकाळपासूनच, आणि या गृहस्थाला पत्ता नाही. मी टाचणी उपटली तरी तो शांतपणे बघत होता.

"दुखलं नाही?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि मी त्याला तसाच दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी रक्तातली साखर तपासली. भरपूर निघाली. मग त्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा जाडसर दोरा तळपायाला दहा ठिकाणी टेकवला. दादाला पाचच ठिकाणी कळलं. अख्खं आयुष्य दोऱ्यात गेलं, आणि आता दोराच कळेना!

"साखर अशीच राहिली तर पाय आणखी बधिर होतील," बाई म्हणाल्या. "गेलेलं परत येईलच असं मी सांगत नाही. पण आहे ते राखा. गोळ्या आणि जेवण वेळेवर, चालणं रोज, आणि तळपाय रोज बघायचे. तीन महिन्यांनी या."

घरी वहिनी म्हणाली, "आपण मशीनला मोटर बसवू."

"मोटर चालवायलाही पायच लागतो," दादा म्हणाला, आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी तरंगतच आली! कापड बेतायच्या खाकी कागदावर वेळापत्रक लिहिलेलं, भिंतीइतकं लांब. पहाटे पाचला पाच किलोमीटर. साखर आजपासून बंद. चहा आजपासून बंद. माझं डोकंच फिरलं. मी कात्री आपटली.

"दादा, तू नवा कोट थेट मशीनखाली घालतोस का रे?"

"वेडी का खुळी? आधी हाताने कच्चा टाका घालतो. बसतोय का बघतो. मग पक्की शिलाई."

"मग स्वतःलाच का थेट मशीनखाली घालतोस? कच्चा टाका घाल की!"

दादाचा हात कागदावरच थांबला. "टाका घालू कशाला पण?" त्याने हळूच विचारलं.

"जे आधीच आहे त्याला. खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली की तुला थांबावं लागतंच ना? तेव्हाच उठ. चपला घाल, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लाव आणि परत ये. बास!"

"एवढंच?" म्हणाला, आणि हसला. त्या टाचणीनंतर पहिल्यांदा!

अहो, काय सांगू तुम्हाला, दुकानाचा नूरच पालटला. खालचा दोरा संपून मशीन रिकामं धावायला लागलं की मी ओरडायचे, "बॉबिन!" आणि दादा टुणकन उठायचा. पहिल्या दिवशी खांबाच्या पाच फेऱ्या झाल्या, आठवड्याभरात आठ. गिऱ्हाईकं ताटकळायची, मग तीही गप्पा मारत सोबत निघायची. सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकांच्या आरशापुढे स्टूल टाकून दादा स्वतःचे तळवे न्याहाळायचा. वहिनीने चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा उतरवली, आणि पठ्ठ्याला पत्ता लागला नाही!

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. फेऱ्या वाढाव्यात म्हणून साहेबांनी गुपचूप बॉबिनी अर्ध्याच भरायला सुरुवात केली. एका मास्तरांच्या पँटची मागची शिवण चालू असताना मध्येच दोरा संपला. हा पळाला खांबाकडे. आला, नवी बॉबिन घातली आणि जोडावर शिवण पक्की करणारी उलटी शिलाई मारायची साफ विसरला. चौथ्या दिवशी मास्तर दुकानात शिरले ते मागे छत्री धरून.

"वर्गात खडू उचलायला वाकलो," ते म्हणाले. पुढचं सांगायची गरज नव्हती.

दादाची मान खाली. त्याने शिवण दुहेरी मारून दिली, दहा वेळा माफी मागितली. मास्तर गेल्यावर मीच बॉबिनींचा डबा ताब्यात घेतला. त्या दिवसापासून बॉबिन काठोकाठ, आणि फेरी मोठी, खांबाच्या पुढच्या वळणापर्यंत. महिन्याभराने तर मला ओरडावंही लागेना. मशीन थांबलं की माणूस चपलांत!

परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. साखर उतरलीय, ते रक्त तपासून काल कळलं. पण तळपायाला बाईंचा तो दोरा कळेल का? दादा आठवडाभर त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. आज दुपारी तो एक सदरा शिवत होता, मी शेजारी बटणं लावत होते. एक बटण हातातून निसटलं आणि गेलं कुठेतरी. मशीन खडखडत होतं. अचानक थांबलं.

"आई गं! कोणी टाकलं हे इथे?" दादा कडाडला. "किती वेळा सांगितलं, बटणं वाटीत ठेवत जा! डोळे आहेत की काजं? पायाखाली कसं टोचलं..."

आणि तो स्वतःच्या पायाकडे बघतच राहिला. मी पण. वहिनी आतून धावत आली.

"कुठे टोचलं?" मी विचारलं.

"अंगठ्याखाली," दादा म्हणाला. "उजव्या."

त्याने डोळे मिटले. "ते बटण पायाला परत टेकव."

मी बटण उचलून खाली बसले. टाचेला टेकवलं. नाही कळलं. कडेला टेकवलं. नाही. अंगठ्याखाली टेकवलं, आणि दादाचा पाय झटक्यात मागे गेला. वहिनीने तोंडाला पदर लावला. मी तर त्या चिंध्यांच्या ढिगात उभी राहून नाचलेच!

दादाने बाहीने डोळे पुसले आणि माझ्या हातून पडलेलं बटण उचलून परत माझ्या हातावर ठेवलं. "बटणं सांभाळत जा, गाढवे," तो म्हणाला. इतका गोड ओरडा मी जन्मात खाल्ला नव्हता.