पांढुर्ण्याचा दगड, सावरगावचा गाल

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत समोर पाहत नाही. हार घालताना उजवीकडून, सप्तपदीत उजवीकडून, आणि सासूबाईंच्या पाया पडताना तर नुसता पदरच दिसतो. फोटोग्राफर बिचारा 'वहिनी, इकडे पाहा' म्हणून म्हणून थकला, पण मी काही पाहिलं नाही. डाव्या भुवईच्या टोकापासून गालाच्या हाडापर्यंत मला एक व्रण होता, रुंद आणि चकचकीत, आणि तो अल्बममध्ये जाऊन बसावा अशी माझी इच्छा नव्हती.

आमच्याकडच्या माणसाला तो कशाचा ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. माझं माहेर सावरगाव. सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून जाम नदी वाहते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि त्या झेंड्यासाठी दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात. ही गोटमार. वर्षभर एकमेकांच्या लग्नात जेवणारी माणसं त्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच टपरीवर चहा पितात.

मी तिसरीत होते. काकाच्या गच्चीवरून मान लांब करून गोटमार पाहत होते. पांढुर्ण्याकडून गोफणीतून सुटलेला गोटा आला, आणि डोळा वाचला एवढंच. आईनं मला उचललं ते दवाखान्यात नाही नेलं, चंडीमातेच्या देवळात नेलं. गोटमारीची जखम अंगाऱ्यानंच भरते, तिला टाके घालायचे नसतात, अशी आमच्या घरात पक्की समजूत होती. आईनं अंगारा आणि हळद चेपली, आणि जखम भरली, पण कशीही भरली. कातडी ओढली गेली, आणि त्या दिवसापासून मी हसले की माझा डावा डोळा आपोआप मिटायला लागला.

शाळेत पोरींनी मला काय काय नावं ठेवली ते सांगत बसत नाही. मी भांडकुदळ झाले ती त्यामुळेच, असं आई म्हणायची. मला वाटतं मी मुळातच होते.

पांढुर्ण्याहून पाहायला पाहुणे आले तेव्हा आईनं मला मुद्दाम अशी बसवली की उजवीच बाजू त्यांच्याकडे राहील. माझं डोकं फिरलं. उद्या उठून फसवलं म्हणून बोंब मारतील, त्यापेक्षा आत्ताच पाहून घ्या बाप्पा, असं मनात म्हटलं आणि सरळ वळून बसले. मुलाच्या काकांनी विचारलं, हे काय लागलं पोरीला? आई म्हणाली, तुमच्याच गावचा प्रसाद. मुलगा तोवर बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे निवडून राहिला होता. त्यानं मान वर न करताच म्हटलं,

"मंग तो माह्याच गोफणीचा असंल. भरून द्या लागते."

मी हसले, आणि डोळा मिटला. त्या मुलाला, म्हणजे आमच्या यांना, वाटलं पोरीनं डोळा मारला. निदान पुढे जन्मभर ते असंच सांगत आले, की सुरुवात हिनं केली, मी तर गुपचूप शेंगदाणे खाऊन राहिलो होतो.

लग्नानंतर आम्ही सौंसरला राहिलो. ते वीज मंडळात होते, मी सरकारी शाळेत. घरामागे एकाचा संत्र्याचा बगीचा होता आणि बहाराच्या दिवसांत कपडे वाळत घातले तरी त्यांना फुलांचा वास लागायचा. पोळ्याला मात्र आम्ही न चुकता पांढुर्ण्याला जायचो. गोटमारीच्या संध्याकाळी ते देवघरातली हळद चिमटीत घ्यायचे, माझ्या व्रणाला लावायचे आणि 'पांढुर्ण्याकडून' एवढंच म्हणायचे. मी हसायचे. मग लगेच पुढचं ठरलेलं वाक्य यायचं, "डोळा मारून राहिली काय व?" सासूबाई आतून ओरडायच्या की पोरांसमोर काय चाललंय. हे इतकी वर्षं चाललं की मला ते सणाचाच भाग वाटायचं, पुरणपोळीसारखं.

खरं म्हणजे त्यांनी आयुष्यात दगड उचलला नव्हता. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं, की या पोराला रक्त पाहिलं की भोवळ यायची, म्हणून दर पोळ्याला याला तिगावला मावशीकडे धाडत होतो. म्हणजे माझ्या गालावर गोटा बसला तेव्हा हा गोफणवाला तिगावच्या स्टेशनावर गाड्या पाहत बसला असणार. मला हे माहीत आहे, हे मी त्यांना कधीच कळू दिलं नाही. ज्या माणसानं भर बैठकीत माझी लाज आपल्या अंगावर ओढून घेतली, त्याला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं असतं.

ते गेले त्याला आता दोन पोळे होऊन गेले. त्यानंतर मी निवृत्त झाले. शाळेनं निरोप दिला, सगळ्या स्टाफचा फोटो काढला, आणि तो मी मुलीला पाठवला. ती लग्नानंतर बँकॉकला असते, जावई तिथे नोकरीला आहेत. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, आई, सगळे समोर पाहून राहिले, तू एकटी भिंतीकडे काहून पाहून राहिली? मी म्हटलं, सवय. मग म्हणाली की माझ्याजवळ तुझा सरळ तोंडाचा एकही फोटो नाही, आणि बाबांसोबतचा तर नाहीच नाही. आता इकडे ये, इथे चेहऱ्याचे मोठे मोठे डॉक्टर आहेत, जगभरातून लोक येतात, तुझा हा व्रण काढून टाकू.

मी आधी झिडकारलं. या वयात कोणाला तोंड दाखवायचं आहे? पण फोन ठेवला आणि आरशासमोर गेले. खोटं काहून बोलू, मला हवं होतं. तिसरीपासून हवं होतं. एकदा, निदान एकदा, मला मान न वळवता फोटो काढायचा होता.

मग महिनाभर आमच्यात तेच चाललं. मुलीनं त्या दवाखान्याचे व्हिडिओ पाठवले. तो दवाखाना कसला, महाल होता, खोलीत सोफा आणि खिडकीतून नदी. मी विमानात कधी बसले नव्हते, त्यामुळे तेही खुणावत होतं. पांढुर्ण्याच्या जाऊबाई म्हणाल्या, दुरून डोंगर साजरे, तासा-दीड तासावर नागपूर पडलं आहे ते काय ओस पडलं? मुलीला हे सांगितलं तर ती चिडली. तिचं म्हणणं, तुम्हाला आयुष्यभर जवळचंच पुरलं, म्हणून तर तुझ्या जखमेला साधे टाके पडले नाहीत. पोरगी खरं बोलत होती. मी बँकॉकचं जवळजवळ पक्कं केलं, पासपोर्टसाठी फोटोही काढला, आणि त्यातही मान वळवली म्हणून तो पुन्हा काढावा लागला.

मग त्या दवाखान्यातल्या एका बाईशी व्हिडिओवर बोलणं झालं. गोड बाई होती, मऊ आवाजाची. इंग्रजीत विचारायची, मुलगी मला मराठीत सांगायची. वय, साखर, बीपी सगळं झालं. मग तिनं विचारलं, ही जखम कशानं झाली? मुलगी म्हणाली, दगडानं. कोणी मारला? मुलगी अडकली. मला म्हणाली, आई, काय सांगू हिला? गोटमार इंग्रजीत कशी सांगू?

मला मस्करी सुचली. "सांग, तुझ्या बाबानं मारला म्हणून," मी म्हटलं आणि हसले.

पोरीनंही हसत हसत तसंच सांगितलं. पण ती बाई हसली नाही. तिला काय दिसलं असेल? एक म्हातारी, गालावर व्रण, नवऱ्यानं दगड मारला म्हणून सांगते आणि एक डोळा मिटते. तिनं काहीतरी लिहून घेतलं. मुलगी घाईघाईनं समजवायला लागली, की नदी असते, झाड असतं, दोन गावं असतात, बाबा फक्त गंमत करायचे. जितकं सांगावं तितकं ते वाईट दिसायला लागलं. शेवटी बाईनं अगदी हळू आवाजात एक प्रश्न विचारला. मुलगी तो मला सांगेचना. मी दटावलं तेव्हा म्हणाली,

"आई, ती विचारते, तू आता घरात सुरक्षित आहेस का."

मी म्हटलं, हो, सांग तिला. घरात कोणी नाही आता.

आणि मला रडू कोसळलं. त्या परक्या बाईसमोर, कॅमेऱ्यात, डावी बाजू पुढे ठेवून मी हुंदके देऊन रडले. तिला वाटलं असणार की तिचा अंदाज बरोबर होता.

त्या संध्याकाळी मी मुलीला सांगितलं की मी तिथे येणार नाही. ती म्हणाली, ॲक्सिडेंट लिहून टाकू, कोण विचारतं? माझा पारा चढला. म्हटलं, ज्या माणसाला रक्त पाहून भोवळ यायची, त्याचं नाव परदेशातल्या कोण्या कम्प्युटरात बायकोला दगड मारणारा म्हणून चढलं, आणि वर मी गोटमारीला ॲक्सिडेंट म्हणू? त्यांनी आयुष्यात कधी दगड उचललाच नव्हता हे मुलीला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तीही रडली. मग म्हणाली, ठीक आहे, नागपूरचं पाहू, पण काढायचा तर आहे नं? मी म्हटलं, काढायचा आहे.

लोधीखेड्यावरून बसनं मी एकटीच नागपूरला गेले. डॉक्टर साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर चढवलेला. मी खुर्चीत बसले, त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि काहीएक न विचारता म्हणाले,

"पांढुर्णा की सावरगाव?"

मी म्हटलं, माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. ते खदखदून हसले. पहिली नोकरी त्यांनी आमच्याच भागात केली होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटी लागायची. टाके नाहीतच, चंडीचा अंगारा दिसून राहिला, असंही म्हणाले. मला काही म्हणजे काही सांगावं लागलं नाही. तिथेच माझं ठरलं.

पुढे ते गंभीर झाले. व्रण बारीक होईल, अगदी जाणार नाही. पण ही जी ओढ आहे ती सुटेल, म्हणजे हसताना डोळा मिटणार नाही. हे तुम्हाला हवंच असेल, नाही का? मी उत्तर द्यायला फार वेळ घेतला, इतका की त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हटलं, सोडवा.

मुलगी रजा घेऊन आली. ऑपरेशन नीट झालं. सूज उतरल्यावर तिनं मला अंगणात उभं केलं आणि फोटो काढला, सरळ, नाकासमोर. मी चांगली दिसते त्यात. उगाच नम्रपणा कशाला, चांगलीच दिसते. मुलगी म्हणाली, आई, आता तुझे दोन्ही डोळे सारखे हसतात. तो फोटो तिनं मोठा करून आणला आणि बैठकीत यांच्या फोटोशेजारी लावला. मग ती बँकॉकला परत गेली.

यंदाच्या पोळ्याला मी पांढुर्ण्याला गेले नाही, जिवावर आलं. गोटमारीच्या संध्याकाळी घरात एकटीच होते. ते घ्यायचे तशी देवघरातली हळद चिमटीत घेतली आणि यांच्या फोटोसमोर उभी राहिले. व्रण आता बोटानं चाचपावा लागतो. सापडला, तिथे हळद लावली आणि 'पांढुर्ण्याकडून' हे मीच म्हटलं. म्हणताना हसू आलं. दोन्ही डोळे उघडेच राहिले. मी हसत होते आणि फोटोतल्या त्यांना काही कळलंच नसावं, असं मला वाटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच नुसती हसले होते.

मग डोळे पुसले आणि डावा डोळा मिटायचा प्रयत्न केला. आधी दोन्ही डोळे एकदम मिटले. मग उजवा मिटला, डावा ताठ. जे आयुष्यभर आपोआप होत होतं, ते मला येतच नव्हतं. निवृत्त मास्तरीणबाई गालाला हळद फासून नवऱ्याच्या फोटोसमोर तोंड वाकडं करून राहिली आहे, हे कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण मी हटले नाही. शेवटी उजवा उघडा राहिला आणि डावा मिटला.

"हो," मी त्यांना म्हटलं. "आज मुद्दाम मारून राहिली."