मावशींना सांगायचं नाही

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायची खोली होती. मुंगीची आई तिथे काम करायची. मुंगी चार वर्षांची. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती हुडकून काढायची, म्हणून बापानं तिला मुंगी केलं आणि तेच चिकटलं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. फोन वाजला की पिशवी उचलून पळायचा. दोघं कामावर गेली की मुंगी कोपऱ्यावरच्या पाळणाघरात. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळेच मावशी म्हणत.

त्या दिवशी सकाळी आई मुंगीला उठवायला गेली, तर पोरीचा गाल हाताला गरम लागला. थर्मामीटर कपाटात होता. तो तिनं काढलाच नाही. आकडा दिसला असता तर घरी राहावं लागलं असतं, आणि दुकानात एका शाळेचे चष्मे त्याच दिवशी तयार व्हायला हवे होते. दुसरा कारागीर रजेवर होता. मालकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या सुट्टीचं नाव काढायचं नाही बरं का!"

दाढी करता करता नवरा म्हणाला, "जरा लालबुंद दिसतेय का गं ही?"

"आत्ता झोपेतून उठलीय ना."

त्यानं पुढे काही विचारलं नाही.

तो गेल्यावर तिनं मुंगीला तापाचं औषध पाजलं. पाळणाघराच्या पायऱ्यांशी खाली बसून पोरीचे बूट नीट करत ती हळूच म्हणाली, "औषध घेतल्याचं मावशींना सांगायचं नाही हं. आपलं दोघींचं गुपित." मुंगीला ते भारीच आवडलं. ओठांवर बोट ठेवून ती ऐटीत आत गेली.

दुपारी औषधाचा अंमल उतरला आणि मावशींचा फोन आला. "अहो, पोर फणफणलीय नुसती."

"सकाळी तर ठणठणीत होती हो," ती म्हणाली. हे इतकं सहज तोंडातून निघालं की तिची तीच दचकली.

मुंगी लगेच बरी झाली. पण पाळणाघरात एक अगदी तान्हं बाळ होतं, अजून धड बसताही न येणारं. त्याला तोच ताप चढला, छाती भरली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. "साथच आहे, कुणाकुणाला जपणार!" मावशी म्हणाल्या. मुंगीच्या आईनं नुसती मान डोलावली. बाळ घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण तिनं कुणापाशी तोंड उघडलं नाही.

मग एक दिवस त्या बाळाची आई दुकानात आली, मोडका चष्मा घेऊन. "दवाखान्यात बसल्या बसल्या डोळा लागला, आणि हा माझ्याच अंगाखाली गेला." मुंगीच्या आईनं काडी बदलली, स्क्रू आवळला, काचा पुसपुसून लख्ख केल्या आणि पैसे घ्यायचं नाकारलं.

"किती चांगल्या आहात हो तुम्ही!" बाळाची आई म्हणाली.

मुंगीची आई मागच्या खोलीत गेली आणि घासायला एकही काच नसताना तिनं मशीन सुरू केलं. त्या घरघरीत रडलेलं बाहेर ऐकू गेलं नाही.

पुढे काही दिवसांनी मुंगीच्या नाकातून घाण वास येऊ लागला. दोघं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी चिमट्यानं नाकातून स्पंजचा कुजलेला तुकडा काढला, बाहुलीच्या पोटातला.

"अगं, दुखत होतं ना? मग आईला का नाही सांगितलंस?"

"दुखलं की गुपित ठेवायचं," मुंगी म्हणाली. "सांगितलं की आईचं काम बुडतं."

नवरा बायकोकडे बघतच राहिला. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. तिथेच, त्या खुर्चीत बसून तिनं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "या वयात गुपित कुठलं चांगलं, कुठलं वाईट, ते कळत नाही हो. गंमत लपवा, जी शेवटी सगळ्यांना कळणारच आहे. पण दुखणं, औषध, कुणी हात लावलेला, हे कधीच लपवायला सांगू नका. आणि तिनं काही सांगितलं की आधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणा. रागवायचं ते मागाहून."

जिना उतरताना नवरा म्हणाला, "मलाही त्या दिवशी शंका आली होती. विचारलं असतं तर घरी राहायची पाळी माझ्यावर आली असती. म्हणून गप्प बसलो."

दुसऱ्या दिवशी ती मुंगीला घेऊनच मावशींसमोर उभी राहिली. "मावशी, त्या दिवशी हिला ताप होता. मी औषध देऊन आणलं. हिला गप्प राहायला मीच सांगितलं. माझं चुकलं."

मावशी दुपट्यांच्या घड्या करत होत्या. हात थांबले. "मला फसवलंत ते एक वेळ राहू दे. पण या एवढ्याशा जिवाला कशाला ओढलंत त्यात? आणि बाळाच्या आईला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

तिनं सांगितलं. बाळाची आई भांडली नाही. "तुम्ही माझ्याकडून पैसेसुद्धा घेतले नव्हते," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून बाळ दुसऱ्या पाळणाघरात जायला लागलं. ती माफी तिला कधीच मिळाली नाही.

घरात मात्र नवराबायकोनं एक ठरवून टाकलं: पोर आजारी पडली की आळीपाळीनं एकानं राहायचं, आणि हे मालकांना आधीच सांगून ठेवायचं. तिचे मालक कुरकुरले, पण वेळप्रसंगी हाताशी कुणीतरी असावं म्हणून एका मुलीला काम शिकवायला लागले. मुंगीचं तोंड उघडायला वेळ लागला. बशी फुटली तरी आधी कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. "बरं झालं सांगितलंस" हे शब्द कितीदा तरी आईनं दात आवळून म्हटले. मग हळूहळू पोर इतकी बोलू लागली की बाबा घोरतात कसे, हेही मावशींना करून दाखवू लागली.

थंडीत तिला पुन्हा ताप आला. पाळी बापाची होती. आई दुकानात काचा बसवत होती. तरी मन घरीच. तेवढ्यात बापाच्या फोनवरून मुंगी बोलली.

"आई, मी तापलेय. पण तू ये म्हणून नाही सांगत. नुसतंच सांगतेय."

"बरं झालं सांगितलंस गं," ती म्हणाली. मालक बघत होते. तरी फोन कानाला धरून ती तशीच बसून राहिली आणि मुंगी सांगत राहिली, डोकं कुठे दुखतंय आणि बाबांनी पाणी कुठे सांडलंय.