माळ जळाला तेव्हा श्रीधर होता

"भाऊजी, गेले ओ हे..." वहिनींचा फोन आला तेव्हा मी कासू स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. श्रीधरलाच भेटायला निघालो होतो. गाडी आली, मी चढलो. दुसरं काय करणार?

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. तो भूगोल, मी मराठी. सैबेरियातलं जंगल संपून गवताळ प्रदेश लागतो तो पट्टा शिकवताना फळ्यावर सीमारेषा काढायला तो साफ नकार द्यायचा. "रेघ नसतेच रे. झाडं आणि गवत तिथं सारखी भांडतात, कुणीच जिंकत नाही, म्हणून तर तिथं इतके पक्षी!" मग अख्खा वर्ग पेणजवळच्या एका माळावर न्यायचा, जिथं आपलं जंगल विरळ होत गवतात मिसळतं. चंडोल दिसला की हा गडी मुलांपेक्षा मोठ्यानं ओरडणार, आणि चंडोल उडून जाणार.

त्या माळावर गावानं झाडं लावायची ठरवली. हेतू चांगला, फोटोही झकास आले. हा एकटा आडवा गेला. गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे, हे दारोदार सांगत फिरला. "सर, आम्ही झाडं लावतो तं तुमच्या पोटान का दुखतं?" एवढं ऐकून परत आला.

रोपांना कुंपण पडलं आणि दिवाळीनंतरची गवतकापणी थांबली. गवत कमरेएवढं वाळून उभं राहिलं. भाताचं बी पेरण्याआधी आपल्याकडे पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, तो राब. पूर्वी राबाची आग कापलेल्या माळावर येऊन विझायची. यंदा ती कुंपणात शिरली. रोपं गेली, गवत गेलं, मागचं जंगलही गेलं.

श्रीधर तेव्हा अंथरुणाला खिळलेला. गावातून फोन आला, "सर, तुमचंच खरं होतं." त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "खरं ठरून काय करू...?" त्यानंतर तो माळाविषयी बोलला नाही, नीट जेवलाही नाही. मला अजून संताप येतो, पण कुणावर काढू? सगळी भली माणसंच होती.

परवा माळ बघून तसाच वहिनींकडे गेलो. त्यांनी श्रीधरचे मोजे पुढे केले. शेवटचा माळावर चालत गेला तेव्हाचे. गवताची कुसळं अजून रुतलेली. "किती धुतले तरी निघत नाय ओ." मी माझे पाय बघितले. दुपारभर तोच माळ तुडवून आलो होतो. मोजे काळे झाले होते, कुसळ एकही नव्हतं.