भुताचं कपाळ

परवा सून नाटकात भूत होणार होती. तिच्या तोंडाला पांढरी पावडर लावताना त्या वासाने माझं डोकं तापलं.

माझ्या तरुणपणी दापोडीला कामगारांच्या नाटकात मी भूत होणार होते, नवऱ्याला छळायला परतलेली पहिली बायको. नवऱ्याचं काम माझ्याच नवऱ्याकडे होतं. दुसरी घंटा झाली आणि सासूबाई रंगपटात आल्या. "सवाष्णीनं कपाळ पुसून भूत व्हायचं न्हाई." हे आरशात बघत मिशी चिकटवत राहिले. माझी साडी नेसून एका फिटरने काम केलं. लोक पोट धरून हसले. मी पांढऱ्या तोंडाने विंगेत उभी.

तेव्हा राग सासूबाईंचा आला होता. आता त्या मिशीचा येतो.

"आई, टिकली काढू?" सुनेने विचारलं.

"अगं, सवाष्णीनं..." हे दारातून म्हणाले.

"तेव्हा गप्प बसलात ना? मग आताही बसा," म्हणत मीच तिची टिकली काढली.