नंदाखालचा चढ

नंदाखालच्या सपाट रस्त्यावर एक जबरदस्त चढ आहे, हा शोध माझा. माझ्याआधी तो कुणाला लागला नव्हता आणि माझ्यानंतरही कुणाला सापडलेला नाही.

या शोधाला कारण आमचे साडू, अरविंद. नंदाखालला आमची सासुरवाडी. केळी-नारळाची वाडी, दोन मुली, दोन जावई. मी थोरला, म्हणून मान माझा. अरविंद धाकटा, पण त्याची सायकल गिअरची, पोट आत, आणि डोळ्यांवर माशीच्या डोळ्यांसारखा चकचकीत, कानांपर्यंत वळलेला गॉगल! त्या वर्षी गावच्या मंडळाने चाळिशी उलटलेल्यांसाठी सायकल शर्यत ठेवली आणि भर सासूबाईंसमोर अरविंद म्हणाला, "साडूभाऊ, उतरा की! आपल्या दोघांत जो मागे राहील, त्याने त्या दिवशी पंक्तीत वाढायचं."

जावयाने सासुरवाडीत वाढायचं! म्हणजे सगळं गोत पाटावर, आणि मी कमरेला पंचा खोचून आमटीचं पातेलं घेऊन वाकलेला! (त्यापेक्षा घरजावई परवडला. त्याला निदान बसून जेवता येतं.)

"उतरलो!" मी गरजलो.

"कशावरून? सायकलवरून?" सुलभाने, म्हणजे माझ्या सख्ख्या बायकोने विचारलं.

अडचण डोळ्यांची होती. नुसता चष्मा लावून सायकल हाणली की समोरून ऊन आणि कडेने समुद्राचं वारं, धुळीसकट. चष्मा काढला तर म्हैस आणि रिक्षा यांतला फरक फक्त आवाजावरून कळायचा. तेव्हा खेळाडू घालतात तसा, पण नंबरचा गॉगल हवा. तुळिंजच्या बाजारात तसा करून देणारं एक दुकान आहे असं कळलं. उमेळ्यातल्या आमच्या घरून आम्ही दोघं थेट तिथे.

"नंबर काय?" दुकानदाराने विचारलं.

"पहिला! गेलाबाजार साडूच्या पुढचा."

"अहो, डोळ्यांचा!" सुलभा पुटपुटली.

"हां, तो उणे पाच."

नंबरचा गॉगल निवडण्यातली गोम अशी, की तो घालून बघायला चष्मा काढावा लागतो. आणि चष्मा काढला की आपण कसे दिसतो ते सोडाच, आरसा कुठे आहे तेही दिसत नाही. मी एकेक गॉगल चढवत होतो आणि समोरच्या धुक्याकडे बघून मान वळवत होतो. एकदा मात्र समोरचा चेहरा एकदम रुबाबदार वाटला.

"हा बघ! हा शोभतोय मला!"

"अहो, ते दुसरं गिऱ्हाईक आहे. आणि त्याने काहीच घातलेलं नाहीये."

दुकानदाराने आधी चष्म्यावर बसवायची काळी झडप दाखवली. टिचकी मारली की वर, टिचकी मारली की खाली. सुलभाने मला नीट न्याहाळलं.

"हिला झडप नाही, झापड म्हणतात. घाण्याच्या बैलाला लावतात."

झडप गेली. मग मी अरविंदसारखाच, कानांपर्यंत वळलेला गॉगल मागितला. दुकानदार कचरला. "साहेब, एवढ्या बाकदार काचेत एवढा नंबर नीट बसत नाही. जग जरा वाकडं दिसेल."

"दिसू दे! मला सरळच जायचंय!"

शर्यतीच्या आदल्या दिवशी गॉगल मिळाला. आम्ही नंदाखालला मुक्कामाला गेलो आणि मी लगेच सरावाला बाहेर पडलो. वाडीबाहेर आलो मात्र, समोरचा रस्ता उठून उभाच राहिला! मधोमध दरी, कडा वर, आणि पुढे घाट. चार पेडलं मारून मी शहाण्यासारखा खाली उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. समोरून एक भाजीवाली बाई येत होती.

"काय झाला, भाऊ? पंचर?"

"नाही हो, चढ आहे."

बाईने रस्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "ऊन लागला तुला. बस सावलीला. पानी देते."

घरी येऊन मी सुलभाला जाब विचारला, "तुमच्या गावात चढ कधीपासून?"

"गॉगल काढा. उतरेल."

दुसऱ्या दिवशी शर्यत. निर्मळच्या तळ्याला वळसा घालून परत. चढ नाही, हे डोक्याला पटलं होतं; पायांना पटेना! आणि पुढे बघतो तर अरविंद त्या उभ्या घाटावर सीटवर आरामात बसून, एक हात सोडून चाललेला! माझं पित्त खवळलं. हा गृहस्थ कडा बसून चढतो, आणि मी थोरला जावई! उठलो ते पेडलांवर उभाच राहिलो. चढ समजून मारलेलं पेडल सपाट रस्त्यावर पडलं की काय होतं, ते त्या दिवशी गावाने पाहिलं. मी सुटलो! नारळाची झाडं वाकून मला वाट देत होती (गॉगलमधून तरी). परतीला सासूबाई दिसल्या म्हणून अरविंदने वेग कमी करून झोकात हात हलवला. तो हात खाली येईपर्यंत मी त्याच्या पुढे!

चुन्याची रेघ मला दिसलीच नाही. माथाच आला नव्हता, थांबणार कुठे? लोक "थांबा! थांबा!" ओरडत होते, मला "हाणा! हाणा!" ऐकू आलं. शेवटी कुणाच्या तरी केळीच्या वाफ्यात सायकल शिरली आणि चढ एकदाचा संपला. मी चिखलातून उठलो तो विजयी!

दुपारी पंगत बसली. मी पाटावर, भोवती रांगोळी. अरविंद पंचा खोचून, पातेलं घेऊन वाकलेला. "वाढा, अरविंदराव, वाढा!" अहाहा! आयुष्यात असं एक वाक्य तरी म्हणायला मिळावं.

पण वाढणाऱ्याच्या हातात एक भयंकर शस्त्र असतं, हे जिंकण्याच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नाही. आग्रह!

"साडूभाऊ, विजेत्याला एकच पुरणपोळी? शोभत नाही." पडली दुसरी.

"बास हं आता."

"ही तुमच्या मेव्हणीच्या नावची!" पडली तिसरी. वर तुपाची धार.

"अरविंद, खरंच नको!"

तो सासूबाईंकडे वळला. "आई, थोरल्या जावयांना पोळी आवडलेली दिसत नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मी मुकाट्याने ताट पुढे केलं. त्यानंतर किती पडल्या ते अरविंदच जाणे. मला फक्त त्याचे दात दिसत होते.

संध्याकाळी मला सायकलवर बसणं सोडा, वाकणंही जमेना. शेवटी वसईला निघालेल्या एका टेम्पोत केळीच्या घडांशेजारी मला आडवं घातलं. माझी सायकल सुलभाने पदर खोचून चालवत आणली. जागोजागी घड उतरवत टेम्पो उमेळ्यात आमच्या इमारतीपाशी थांबला, तेव्हा ती केव्हाची पोचून शेजारच्या काकूंना सांगत होती, "हे ना? येतायत मागून. आज सायकलची शर्यत जिंकलेत!"