मांडव्याच्या पबातलं बक्षीस

शनिवारी संध्याकाळी अंबाजी घरत, अनंता आणि वहाबभाई उरणच्या नाक्यावरच्या परमिट रूममध्ये बसले, की यच्चयावत कलाकारांची धडगत नसायची. अनंताचे न्हावा शेव्याला दोन ट्रेलर फिरायचे, वहाबभाईंनी अर्धं आयुष्य कुवेतला काढलं होतं, आणि अंबाजी गोदीच्या नोकरीतून नुकताच मोकळा झाला होता. वहाबभाई लिंबूसोड्याच्या पुढे कधी गेले नाहीत, पण मतं त्यांचीच सगळ्यांत जास्त चढलेली.

समोर टीव्ही चालू असायचा. मालिकांतल्या बाया झोपतानासुद्धा नथ काढत नाहीत, हे अनंताचं जुनं दुखणं. गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक पोरगं तोंड उघडायच्या आत रडायला लागतात, हे वहाबभाईंचं. मग गाडी नाटकावर यायची. वाशीला पुढच्या रांगेचं तिकीट काढून तिघे एक नाटक बघायला गेले होते आणि ऐन रंगात अनंताचा फोन वाजला होता. नटाने नाटक थांबवून त्याच्याकडे असं काही बघितलं, की अनंताने अजून त्या माणसाला माफ केलेलं नाही. म्हणे फोन ड्रायव्हरचा होता, उचलायला नको?

आणि सगळं झालं की गावच्या जत्रेचं नाटक निघायचंच. आता जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो, स्टेजवर पोरं नाचतात, पण एक काळ या तिघांनी गाजवलेला. अंबाजी राजा, वहाबभाई पेटीवर, अनंता पडद्याआडून वाक्यं सांगायला. त्या नाटकांची एक रीतच होती. काम आवडलं की बघणारा सरळ स्टेजवर चढायचा, नटाच्या छातीवर टाचणीने नोट लावायचा, आणि माइकवरून दोघांची नावं पुकारली जायची. तोवर नाटक थांबायचं. एकदा तर अंबाजी मरून पडला होता, सरपंच नोट घेऊन आले, राजाने उठून रामराम केला, नोट लावून घेतली आणि परत मेला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ज्याच्या छातीवर नोट नाही, त्याचं तोंड दुसऱ्या दिवशी बघवत नसे.

एका वर्षी अंबाजीचा पोरगा प्रज्योत नांदीला उभा राहिला. बाराएक वर्षांचा असेल. काय गायला कार्टा! वहाबभाई पेटी सोडून उठले आणि नोट लावली. अनंता तर पडद्याआडून हातात वही घेऊनच बाहेर आला. पोराने मान वळवून विंगेत बघितलं. तिथे अंबाजी राजाच्या मिशा लावून उभा होता. घरच्या पोराला बापाने कसलं बक्षीस द्यायचं, लोक हसतील, असं त्याच्या डोक्यात. तो जागचा हलला नाही. पोरगं बराच वेळ विंगेकडे बघत राहिलं आणि मग आत गेलं. त्या रात्री अंबाजीला झोप लागली नाही, पण सकाळी उठून चांगलं गायलास एवढं म्हणणंही त्याला जमलं नाही. पुढेही ते राहूनच गेलं.

प्रज्योत मोठा झाला. आठवडाभर शिपिंगच्या ऑफिसात, आणि शनिवार-रविवार मांडव्याच्या एका पबात गिटार घेऊन गायचा. अंबाजीने तिकडे पाय ठेवला नव्हता. पबात गाणं ऐकायला कोण जातं, तोंडात कोंबडीची तंगडी नि कानात गाणं, असं तो चारचौघांत बोलायचा. पोराच्या कानावर ते जायचं, आणि जातं हे अंबाजीलाही ठाऊक होतं.

एका शनिवारी टीव्हीवर कुणी बाप आपल्या गाणाऱ्या मुलीला मिठी मारत होता. अनंता त्याची टर उडवायला लागला. वहाबभाईंनी ग्लास खाली ठेवला.

"अंबाजी, तू पोराचं गाणं शेवटचं कधी ऐकलंस रे?"

अंबाजीने शेंगदाणे तोंडात टाकले. पण घरी जाताना म्हणाला, उद्या अनंताची गाडी काढू.

रविवारी त्याने पांढराशुभ्र शर्ट घातला. बायकोच्या, मैनाच्या बांगडीत अडकवलेल्या पिनांमधली एक मागून घेतली. तिला वाटलं शर्टाचं बटण तुटलंय. वडखळच्या गर्दीतून रखडत तिघे मांडव्याला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेवटच्या बोटीआधी मुंबईच्या पाहुण्यांसाठी ही मैफल. चड्ड्या घातलेली मोठमोठी माणसं, समोर समुद्र, आणि कोपऱ्यात एका फळीच्या स्टेजवर प्रज्योत. बापाला बघून पोराची बोटं तारांवर क्षणभर थबकली. मग तो हसला. किती दिवसांनी हसला, अंबाजीला आठवेना.

त्या दिवशी अंबाजी थेंबभरही प्यायला नव्हता. पोराच्या गाण्याला पिऊन जायचं नाही, असं त्याने ठरवलंच होतं. खिशात कोरी पाचशेची नोट आणि पिन. मान मात्र आज द्यायचाच, सगळ्यांच्या देखत द्यायचा, मागचं सगळं भरून काढायचं. एक गाणं झालं, दुसरं झालं. टाळ्या तशा बेताच्याच. अंबाजीला धीर निघेना. आणखी एक सुरू झालं, आणि ते अर्ध्यावर आलं असेल-नसेल, अंबाजी उठला.

फळीवर चढला आणि पोराच्या छातीवर नोट लावायला लागला. गिटार मधे आली, पिन बोटात गेली. प्रज्योत थांबला. अंबाजीने माइक आपल्याकडे ओढला आणि जत्रेतल्या खणखणीत आवाजात पुकारलं, की प्रज्योत अंबाजी घरत यांच्या गाण्यावर खूष होऊन... पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. टेबलांवर हशा पिकला, फोन वर झाले. काका पिऊन आलेत, असं समजून दारावरच्या दांडगट माणसाने अंबाजीचा दंड धरला.

"सोडा त्यांना. माझे बाबा आहेत," प्रज्योत म्हणाला. आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. त्याने पुन्हा तारा छेडल्या, पण सूर काही लागेना. मॅनेजरने खूण केली आणि स्पीकरवर दुसरंच काहीतरी धडधडायला लागलं.

बाहेर गाडीपाशी अंबाजी उभा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोराची माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होता, तेवढ्यात प्रज्योत पाण्याची बाटली घेऊन आला. रागावलेला नव्हता, हेच वाईट. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, कुठलं आवडलं?" त्याने विचारलं.

अंबाजी आठवायला लागला. सगळा वेळ त्याचा हात खिशात होता. कधी उठायचं, कुठल्या बाजूने चढायचं, पुकारा कसा करायचा, हेच डोक्यात. एकाही गाण्याची ओळ येईना, चाल येईना.

"सगळीच," तो म्हणाला.

प्रज्योतने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, सावकाश जा म्हणाला आणि आत गेला.

परतीच्या वाटेवर अनंता पबातली कोंबडी कच्ची होती म्हणून चिडचिड करत होता. अंबाजी खिडकीबाहेर बघत होता. मागच्या सीटवर वहाबभाई कसलीशी चाल गुणगुणायला लागले. शब्द आपल्याच बोलीतले. मिठागरावर पाय सोलवटलेली आई, आणि तिच्या मागे मागे चालणारा, न बोलणारा तिचा लेक. अंबाजीने मान मागे वळवली. त्याची आई तशीच होती. तिच्या मागे तो तसाच चालायचा.

"हे कुणाचं, वहाबभाई?"

वहाबभाई गायचे थांबले.

"प्रज्योतचं. तू उठलास ना, तेव्हा हेच चाललं होतं."

अंबाजीने अनंताला थांबायची खूण केली.

"पुढं काय हाय त्यात?"

"मला काय ठाऊक," वहाबभाई म्हणाले. "तिथंच थांबलं ना ते."