तीन नंबरचा बांबू

खाडीचा सर्व्हे केला की अंगाचा चिखल आंघोळीत निघून जातो, किस्से मात्र चिकटून राहतात.

श्रीवर्धनकडच्या एका छोट्या खाडीत आम्ही वर्षभर मासे आणि चिखलातले किडे, शिंपले मोजत होतो. आम्ही म्हणजे कॉलेजातले आमचे सर, मी आणि होडीवाले हिराजीकाका. सरांचं ज्ञान अफाट, पोहणं शून्य.

*

पहिल्याच दिवशी सरांनी जाळ्यातला एक मासा उचलून विचारलं, "काका, हा काय खातो?"

"तो काय खातो ते न्हाय माहीत. त्याला कोन खातो ते सांगतो."

सरांनी तेही लिहून घेतलं. त्या रकान्यात पहिलं नाव काकांच्या व्याह्यांचं आहे.

*

दुसऱ्या फेरीला सर मांडीपर्यंत रुतले. आम्ही सरांना ओढून काढलं, उजवा गमबूट आतच राहिला.

महिन्याभराने ओहोटीला बूट सापडला, तर आत एक खेकडा संसार थाटून बसलेला. मी बूट झाडायला घेतला, तसे सर ओरडले, "थांबा, आधी नोंद!"

वहीत आजही आहे: खेकडा एक, मुक्काम गमबूट, नंबर नऊ.

काका म्हणाले, "कूळ लागलं सर. बूट गेला आता."

*

तीन नंबरच्या जागेचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी जेटी व्हायची होती. खाडीत जिवंत काही उरलं नाही असं आमच्या रिपोर्टात आलं, की सगळा गाळ उपसणार. आणि काकांची बायको सुमनकाकी त्याच गाळातल्या शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढून विकते.

जागा चुकू नयेत म्हणून आम्ही बांबू रोवून लाल फडकी बांधली होती. तीन नंबरच्या बांबूशी पहिल्या खेपेला चाळणीभर शिवल्या निघाल्या. पुढचे तीन महिने एकही नाही.

"शून्य लिहा," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही. मला तर काकींसमोर जायची लाज वाटायला लागली.

पाचव्या महिन्यात आम्ही नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचलो. पाणी नुकतंच उतरलं होतं. तीन नंबरच्या बांबूभोवती सात-आठ बायका उकिडव्या बसून खणत होत्या, मध्ये सुमनकाकी. टोपल्या शिगोशीग भरलेल्या.

"काकी, इथंच का?" सरांनी विचारलं.

"मंग कुटं? खाडी येवढी पडलीय, पन तुमी शिकलेली मानसं. तुमी बांबू लावला तितं माल असनार, येवढं आमाला कळतं."

सर काकांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तुमी विचारलं कुटं?"

सरांनी वही उघडली, तिन्ही शून्यं खोडली आणि तसेच चिखलात बसून राहिले. काकींना त्यांची दया आली असावी. त्यांनी ओंजळभर शिवल्या सरांच्या टोपीत घातल्या.

"आता पुढचा बांबू जरा गावाजवळ लावा," त्या म्हणाल्या. "चालून चालून पाय दुखतात ओ."